उलटी छापलेली बैलजोडी

तुम्ही हसा खुशाल, पण मी दिवाळीची कार्डं अजून हातानंच छापतो. दरवर्षी लाकडात नवा ठसा कोरायचा, शाई लावून छापायचं आणि पोस्टात टाकायचं. माझा मेहुणा सुनील दरवर्षी सुनावतो, “दाजी, एक मेसेज टाकला की सगळ्यांचं काम होतं.”

यंदा तिसगावच्या मामांची बैलजोडी कोरली, गाडीत बसल्यावर मागून दिसते तशी. ठसा कागदावर उलटा उमटतो, हे इतक्या वर्षांत नेमकं यंदाच विसरलो. भाऊबिजेला मामांचा फोन आला. सुनील आमच्याकडंच जेवायला आला होता.

“आरं, कबऱ्या डावीकडं कसा जुपला तू? त्यो उजवीकडं चालतो. असा जुपला तर पाऊल न्हाई टाकायचा त्यो.”

सुनीलला हसू आवरेना. “मोबाईलवर एका बोटात सरळ झाला असता, दाजी.”

“झाला असता,” मी म्हणालो. “तुझा मेसेज दोनशे जणांना गेला ना? त्यातली चूक काढायला तरी एकाचा फोन आला का?”