सहाशे पानं इस्त्री

— अजून मोठा आ करा. हं. आणि ते पुस्तक इकडे द्या, मांडीवरून पडेल. बाहेरच्या टेबलावरून उचललंत ना? एवढ्या मासिकांतून नेमकं हेच! किती वाचलंत? बोलू नका, बोटं दाखवा. वीस पानं? म्हणजे बगळा येऊन गेला. रोज सकाळी स्वयंपाकघरात येऊन घड्याळाला चावी देणारा बगळा — का? विचारायचं नाही. जपानी कादंबरी आहे, मोठ्या लोकांनी मोठी म्हटलीय, आपण मान डोलवायची. पुढचं मी सांगते. बायको लिफ्टमधून सहाव्या आणि सातव्याच्या मधल्या मजल्यावर उतरते आणि परत येत नाही. मग नवरा काय करतो? पोलिसांत जातो? छे! शर्टांना इस्त्री करतो. सहाशे पानं, नुसती इस्त्री! — दुखलं तर हात वर करा. उगाच नको.

माझ्या बाबांचं आहे ते. जन्मभर जमिनी मोजलेला माणूस, कादंबरीला कधी हात लावला नाही. आई गेली आणि कुणा शहाण्याने सांत्वनाला हे आणून दिलं — फुलं संपली असतील दुकानातली. तीनदा वाचलं त्यांनी. मी आईचे रिपोर्ट घेऊन बसले, एकेक आकडा समजावला — दातांची का असेना, डॉक्टरच ना मी? — तर म्हणाले, "तुझी सगळी कारणं बरोबर आहेत गं. यात कोणी कारण देत नाही, तेवढंच बरं वाटतं." घ्या!

मग एका दुपारी आमच्या वॉचमनचा फोन — बाबा दोन तास लिफ्टमधून वर-खाली करताहेत. धावत गेले. हातात त्यांची कामावरची जुनी वही. "मजले मोजतोय," म्हणाले, अगदी शांतपणे. घाबरले हो मी. पुस्तक काढून घेतलं, इथे आणून टाकलं, आणि बाबांना दादाकडे पोचवलं. तळमजला, लिफ्टच नाही — उपाय कसा, मुळापासून! त्यांनी पुस्तक परत मागितलं नाही. मला फोनही नाही, आठ महिने. मी केला की वहिनी म्हणते, "झोपलेत." सकाळी अकराला.

— हात कशाला वर? मशीन बंद आहे.

गेल्या आठवड्यात एक पेशंट आला नाही, तेव्हा हातात घेतलं आणि चार दिवसांत संपवलं. भिकार आहे. मधली दोनशे पानं भूल न देता उपटली तरी कोणी ओरडणार नाही. फक्त एके ठिकाणी तो बायकोचा कोट इस्त्रीला घेतो, आणि इस्त्री टेकवायच्या आधीच कोट गरम असतो. तिथे मी जरा — म्हणजे, ते पान बरं आहे. शेवट मात्र नाहीच! बाई सापडली का, नाही का, पुस्तक खलास. इतकी चिडले की दादाला फोन लावला, म्हटलं, बाबांना दे, आत्ताच्या आत्ता. "बाबा, त्या बाईचं पुढे काय झालं?" मग म्हणाले, "मलाही नाही कळलं. ये ना रविवारी, दोघं मिळून बघू." म्हटलं, रविवारी माझ्याकडे गर्दी असते. "बरं," म्हणाले. नुसतं "बरं."

झालं. थुंका. हा कापूस दाबून धरा, दोन तास काही खाऊ नका. पुढची वेळ — काय, रविवार? नाही, या रविवारी दवाखाना बंद. का म्हणजे? बोर्डावर 'रविवारी चालू' लिहिलंय, ते मलाही वाचता येतं. तोंडात कापूस आहे ना तुमच्या? मग बोलू नका. या आता.