मधोमध खडूची खूण

गिरधर : ऐक ना वाहरू, मधे बोलू नको, फक्त ऐक!

वाहरू : अरे, श्वास तर घे. अन् हा हातोडा कशाला आणलास?

गिरधर : कापसाच्या जीनमधून पळत आलो. आज जीन सुरूच झाली नाही. मी होऊ दिली नाही.

वाहरू : तू? शेट हार घालेल तुला.

गिरधर : ऐक! छताखाली ते दोन लोखंडी गर्डर आहेत ना, ज्यांच्यावर सगळी यंत्रं चालवणारा शाफ्ट फिरतो? मुंबई राज्य होतं तेव्हाचे. त्यातला एक कुरकुरायला लागला. कोरीट गावाहून कामाला येणाऱ्या बाया म्हणल्या, आम्ही खाली बसत नाही. शेट म्हणे, तुमचाच माणूस ठोकून बघेल. म्हणजे मी. माझी आई त्यांच्यातच बसते ना.

वाहरू : तुला काय कळतं त्यातलं?

गिरधर : चुडामण फिटरनं शिकवलं. एका जागी ठोकायचं, टोकाला कान लावायचा. दोन्ही गर्डर सारखे, तर आवाजही सारखा पाहिजे. एक फाटका बोलला की समजायचं, चीर आहे. काल त्यानंच खडूनं खुणा केल्या, इथं ठोक म्हणे. दोन्हींवर मधोमध. ठोकलं. टण्ण! जसे जुळे भाऊ. मी बायांना म्हणलं, बिनधास्त बसा. आईला तर हाताला धरून बसवली.

वाहरू : मग झालं की.

गिरधर : आज सकाळी, इंजिन लावायच्या आधी, तेल द्यायला शिडीवर चढलो. हातोडा सटकला, खुणेपासून लांब आपटला. खर्रर्र! फुटका माठच. दुसऱ्या गर्डरला त्याच जागी ठोकलं, तर स्वच्छ!

वाहरू : मधे बरं अन् बाजूला फाटकं? असं कसं?

गिरधर : विहिरीवर चुडामणनं दोरी हलवून दाखवली होती, आठवतं? दोन पोटं पडायची, अन् मधली जागा?

वाहरू : हलतच नव्हती. मीच बोट धरलं होतं तिथं.

गिरधर : हां! चीर ज्या सुरात बोलते, तो सूर मधे ठोकलं तर उठतच नाही. त्याला माहीत होतं, वाहरू! नेमकी मुकी जागा दिली मला.

वाहरू : चुकून झालं असेल रे.

गिरधर : विचारलं. हसला. म्हणे, "शेट मले फोरमन करी ऱ्हायना. सीझन निंघू दे. अन् कान तर तुन्हाच व्हतात ना?"

वाहरू : आयला! तुझ्या घरी ताटाला ताट लावून जेवायचा तो.

गिरधर : तोवर बाया येऊन बसल्या होत्या. आई नेमकी त्याच फाटक्या गर्डरखाली. मी धावलो, शिडीवरून सगळ्यांसमोर ठोकलं. खर्रर्र! सगळ्या बाहेर.

वाहरू : मग सांगितलंस ना त्याचं नाव?

गिरधर : तोंड उघडलंच होतं. तर तोच पुढं आला, शेटसमोर, मोठ्यानं म्हणे, "मी याले कालच सांगेल व्हतं, मधमा नको ठोकू. यानी आयकंच नही."

वाहरू : अन् खडूची खूण?

गिरधर : पुसलेली. कधी पुसली, देवाला माहीत.

वाहरू : आई काय म्हणाली?

गिरधर : एवढंच, "माले हात धरीसन बसाडं ना रे तू?" चुडामण हातभर अंतरावर. हातोडा माझ्या हातात. तसाच पळत सुटलो. सांग ना वाहरू, तू असतास तर काय केलं असतंस?