मावशीला सांगितलेलं चालतं

मी मूळची नागपूरची, इंदोऱ्याची, आणि आई सांगायची की माझा आवाज माझ्या आधी जन्मला, म्हणजे मी अर्धीच बाहेर होते तर अशी किंचाळले की पलीकडच्या गल्लीत लग्नाचा बँड वाजून राहिला होता तो थांबला, त्यांना वाटलं मुलीकडच्यांनी दुसरा बँड आणला. लिहा ताई, जसंच्या तसं लिहा, खोटं वाटत असेल तर इंदोऱ्याला जाऊन विचारा, बँडवाले आता नाहीत ती गोष्ट वेगळी.

आमचे हे मेकॅनिकलचे इंजिनिअर, इथे जर्मनीत एर्लांगेनला नोकरी लागली आणि लग्नानंतर मीही आले. काय सांगू तुम्हाला, काय ती शांतता, रविवारी मी वरणाला फोडणी दिली तर तीन मजले खिडक्या उघडून आभाळाकडे पाहायचे की कडाडलं कुठे. तिकडे बालवाडी शिकवत होते, चाळीस पोट्ट्यांवर ओरडायची सवय, इथे ओरडायला भिंत आणि हे. हे तर सकाळीच सायकलवर पळून जायचे.

मग दिवस गेले. सासूबाईंचा व्हिडिओवर हुकूम, सूनबाई, तीन महिने कुणापाशी तोंड उघडायचं नाही, दृष्ट लागते. आता आम्ही बुद्धविहारात जाणारी माणसं, दृष्टबिष्ट मानत नाही, पण सासूबाई म्हणजे वेगळा विषय, आणि मनात म्हटलं काऊन उगाच. तर मी गप्प बसले. मी, तीन महिने! जीभ सुजली होती अक्षरशः. चौथ्या महिन्यात तोंड उघडलं आणि कळलं की इथे बाळंतपणाआधी नि नंतर घरी येणारी दाई असते, हेबाम्मे म्हणतात तिला, आणि ती चाचणीच्या दुसऱ्या दिवशी ठरवायची असते. इथल्या बाया आधी हेबाम्मे ठरवतात मग नवरा, असं मला वाटतं. मी अख्ख्या बवेरियाच्या हेबाम्मे फोन करून उठवल्या, सगळ्या म्हणाल्या जागा नाही, खूप उशीर झाला, आणि एक तर म्हणाली तुमच्या भागातल्या बाया नेहमीच उशिरा फोन करतात. आमचा भाग म्हणजे कोणता, मी विचारलं. तिने फोन ठेवला.

सातव्या महिन्यात तळघरात कपडे धुवायच्या खोलीत अबेना भेटली, तिसऱ्या मजल्यावरची, घानाची. ही बाई माझ्या उलट, दिवसाला मोजून बोलते. माझं पोट पाहून तिने मशीन बंद केलं आणि विचारलं, डोकं दुखतं का, पाय सुजतात का. मी म्हटलं दोन्ही, डॉक्टर म्हणाले पाणी प्या. तिने कपडे तसेच ओले टोपलीत टाकले. तिचं असं झालं होतं की आधी ती दुसऱ्या गावी राहायची, तिथे डोकं दुखतं म्हणून दोनदा दवाखान्यात गेली, दोनदा घरी पाठवलं, तिकडच्या बाया जरा जास्तच सांगतात असं कुणीतरी तिच्यासमोरच बोललं, हिला भाषा समजत नाही असं समजून. आठव्या महिन्यात मुलगी पोटातच गेली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर आली. डॉक्टर म्हणाले, पाणी प्या, झोपा, या आता. मी उठले, अबेना उठली नाही. म्हणाली, हिचा रक्तदाब मोजा. ते म्हणाले पुढचा पेशंट थांबलाय. ती म्हणाली, थांबू द्या. आवाज नाही चढवला बाप्पा, नुसती बसली, जणू खुर्चीसकट घरून आली होती. मोजला, आणि मग एकदम धावपळ, गाडी, सलाइन, त्याच संध्याकाळी लेक पोटातून काढली, दोन तळहातांत मावेल एवढी. आता ती मला जर्मनमध्ये उलट उत्तरं देते, मी बसमध्ये बोलायला लागले की म्हणते, मामा, पाइनलिश, मामा म्हणजे इथे आई, आणि पाइनलिश म्हणजे लाज आणतेस. आणू दे.

तिथून आमचा गट सुरू झाला. सीरियाच्या, इरिट्रियाच्या, आपल्या पुण्या-नागपूरच्या, कुणीही गरोदर बाई, तिच्याबरोबर जायचं आणि मोजल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. तपासणीला नेहमी अबेनाच जायची, तिची जर्मन पक्की. माझं काम फोनवरचं, पोरींना लवकर बोलतं करायचं. पण पोरी बोलतच नव्हत्या, सगळ्यांच्या घरी एकेक सासूबाई, देश वेगळा पण हुकूम तोच. मग मी काय केलं, एका पुण्याच्या पोरीला सांगितलं, अगं, नागपूरला फार जुनी पद्धत आहे, पहिल्या महिन्यात मावशीला सांगितलेलं चालतं, आणि इथे तुझी मावशी मीच, त्याने दृष्ट लागत नाही, उलट बाळ बळकट होतं. कसली पद्धत! बसमध्ये बसल्या बसल्या बनवली मी, दोन स्टॉपात. पण पोरींनी उचलली, आणि सहा महिन्यांत एक सीरियन बाई मलाच सांगून राहिली की हे आमच्या आजीपासून चालत आलंय. फोन असे येऊ लागले की माझं जेवण कानाने व्हायचं.

पहिली दोन वर्षं एका संस्थेने मदत दिली, त्यातून अबेनाचा अर्धवेळ पगार निघायचा. ती मदत संपली तेव्हा आम्ही एका मोठ्या फाउंडेशनकडे गेलो. लांब टेबल, तीन माणसं, बिस्किटं. मला विचारलं तुमच्या कामाने काय फरक पडला, मी म्हटलं या गावात इतकी बाळं वाचली की शाळेत बाकं कमी पडून राहिली. चष्मेवाले साहेब म्हणाले, याला पुरावा? आणि कोणत्या वंशाच्या बाळांना जास्त धोका असं तुम्ही म्हणता, तशी नोंद आम्ही या देशात ठेवतच नाही. मी म्हटलं, अहो, घरातला काटा फेकून दिला म्हणून वजन उतरत असतं तर मी आज केवढी बारीक असते! कुणी हसलं नाही.

तेव्हा अबेना बोलली. म्हणाली, कोणतं बाळ आमच्यामुळे वाचलं ते मला सांगता येणार नाही. माझी मुलगी गेली तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझी पर्स होती, एवढं सांगते.

मला काही राहवलं नाही, मी आपली ती मावशीची पद्धत सांगायला लागले. टेबलावरच्या बाईंचे डोळे चमकले, म्हणजे ही तुमच्याकडची पारंपरिक पद्धत? मी म्हटलं गेनाऊ, अगदी बरोबर, हजार वर्षांची. त्यांनी लिहून घेतलं.

आता ऐका निकाल. पैसे मिळाले. आठ भाषांत रंगीत पत्रक छापायला, नागपूरच्या प्राचीन परंपरेवर. पगाराला नाही. माणूस ठेवणं नियमात बसत नाही म्हणाले, पत्रक बसतं. म्हणजे माझी थाप मंजूर आणि अबेना नामंजूर! चार रात्री मी घरात नुसती फिरते आहे, हे म्हणतात अगं बस, सतरंजी झिजली. मी अबेनाला म्हटलं, चल, मी जाऊन सांगते हे सगळं मी बनवलंय, ठेवा तुमचं पत्रक. ती म्हणाली, मुळीच नाही, पोरी वाचून फोन करतील, छाप. फक्त माझा नंबर टाकू नकोस, सोमवारपासून मी गोदामात पॅकिंगला जाणार, तिथे फोन बाहेर ठेवावा लागतो.

मी म्हटलं, मग पोरींबरोबर कोण बसणार?

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं ए, मी? मला सिनेमातसुद्धा बसवत नाही! माझी जर्मन ऐकून डॉक्टरच उठून जातील! ती म्हणाली, तेवढी पुरते, एकच वाक्य आहे, मोजा, आणि नंतर काही बोलायचं नाही. तिने स्वयंपाकघरात खुर्ची ठेवून माझी तालीम घेतली ताई, स्वतः डॉक्टर झाली, मी पहिल्या खेपेला उठले, दुसऱ्या खेपेला डॉक्टरशी भांडले, तिसऱ्या खेपेला जमलं थोडंसं.

उद्या एका इरिट्रियन पोरीबरोबर जायचं आहे, पाचवा महिना, पाय सुजलेत. सकाळपासून खुर्चीवर बसायचा सराव चाललाय माझा. ज्या पोरी फोन करतील त्यांचं भलं होवो, त्यांच्या पोटातल्यांचं भलं होवो, त्या साहेबांच्या नातवंडांचंही होवो. मी उद्या उठणार नाही. तुम्ही हवं तर दवाखान्याच्या दाराशी येऊन पाहा.