बऱ्यापैकी शुअर

...नाही, मी म्हणतो, ‘नक्की’ म्हणायला माणसाचं तोंड दुखतं का? तुम्हीच सांगा! आमच्या पहूरचा हितेंद्र... बी-बियाण्याचं दुकान, घरची केळी, बीएस्सी ॲग्री झालेला, स्वभावाने अगदी गरीब... त्याचं लग्न जमलं धुळ्याच्या ज्योत्स्नाशी. ती तिकडे ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते, आणि तुम्हाला सांगतो, तिथंच सगळं अडलं! बघायचा कार्यक्रम झाला, मग दोघं जळगावला एकदा भेटले, कॉफी प्याले, पुढच्या रविवारी साखरपुडा ठरला, आणि याने हौसेने मेसेज केला, ‘तुमचं नक्की ना?’ तर तिकडून उत्तर काय? ‘फेअरली शुअर.’

फेअरली! म्हणजे हो, की नाही? बिचाऱ्याने मोबाइलमध्ये अर्थ काढला तर निघालं ‘बऱ्यापैकी’. अहो, पाऊस बऱ्यापैकी पडतो, कपाशी बऱ्यापैकी येते, होणारी बायको बऱ्यापैकी नक्की कशी असेल? ‘नक्की’ म्हणायला काय तोंड दुखत होतं?

बरं, यानं तरी मराठीत विचारावं! पण नाही, तिने इंग्रजीत लिहिलं म्हटल्यावर हा कशाला मागे राहतोय... याने लिहिलं, ‘आय ॲम कन्व्हिन्स्ड.’ लगेच उत्तर, ‘असं? कोणी पटवलं तुम्हाला? आधी पटत नव्हतं वाटतं?’ आणि नेमकं वर्मावर बोट! कारण स्थळ आलं तेव्हा हाच म्हणाला होता, ‘मास्तरीण नको, घरात चुका काढत बसेल,’ आणि याच्या काकांनी, गिरधरनानांनी, समजावून समजावून याला धुळ्याला नेलं होतं. ते तिला एका शब्दावरून कळलं!

मग सारवासारव. ‘आय ॲम कॉन्फिडंट.’ ती म्हणते, ‘मी काय बोर्डाचा पेपर आहे?’ मग हा लिहितो, ‘आय हॅव अ सर्टन फीलिंग फॉर यू.’ सर्टन म्हणजे ठाम, एकदम पक्कं, असं याच्या डोक्यात! तिचं उत्तर, ‘त्याचा अर्थ अमुक एक प्रकारची भावना. कुठल्या प्रकारची ते कळेल का?’ आता बोला!

शेवटी चिडला. म्हणाला, आता असं लिहितो की शंकाच नको. मोबाइलमध्ये बघितलं, पॉझिटिव्ह म्हणजे पूर्ण खात्री असलेला. आणि तिला पाठवलं ते पाठवलं, वर स्टेटसलाही ठेवलं, ‘आय ॲम पॉझिटिव्ह. हंड्रेड पर्सेंट.’

अहो, स्टेटस काय एकटी तीच बघते? सकाळी शेजारच्या इंदिराबाई याच्या आईकडे, भागाबाईंकडे, धावत आल्या. लांबूनच, पदर नाकाला लावून!

‘भागाबाई, तुह्या पोराचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हने!’

‘कशाचा वं माय?’

‘ते नाही लिहेल. पन शंभर टक्के हाये!’

झालं! भागाबाईंनी काढा उकळायला ठेवला, दुकानातली गिऱ्हाइकं रस्त्यापलीकडून बियाणं मागायला लागली, कोणी म्हणे डेंग्यू, कोणी म्हणे त्याहून वाईट... आणि बातमी दुपारपर्यंत धुळ्यात! ज्योत्स्नाचे वडील, झुलालआबा, त्यांचा फोन. ‘जावईबापू, तुमना रिपोर्ट पॉझिटिव्ह शे म्हनतस लोके! बठ्ठं खरं सांगा!’

हितेंद्रची बोबडी वळली. ‘नाही हो आबा, मी निगेटिव्ह आहे! एकदम निगेटिव्ह!’

आबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी घरात वर्दी दिली, ‘जावई म्हनस, मी निगेटिव्ह शे.’ आता त्या पोरीला रिपोर्टाचं काय माहीत? तिला एवढंच कळलं की काल पॉझिटिव्ह होता तो आज निगेटिव्ह झाला, म्हणजे गडी फिरला! मेसेज बंद. फोन उचलेना. इकडे गिरधरनाना विचारताहेत, ‘हितेंद्र, आचाऱ्याले काय सांगू, ये का नको येऊ?’ आणि हा तिलाच पुन्हा पुन्हा फोन लावतोय. आता सांगा, ‘नक्की’ म्हणायला काय तोंड दुखत होतं दोघांचं?

पण पोरगी खमकी. दुसऱ्या दिवशी धुळ्याहून निघाली, जळगावला गाडी बदलली, आणि थेट पहूरच्या दुकानात हजर! हा काउंटरमागे, हातात काढ्याचा पेला.

‘नकार द्यायचा तर तोंडावर द्या. माझ्या वडिलांकडून निरोप कशाला?’

‘नकार? मी?’ आणि मग याने सगळं सांगितलं. स्टेटस, इंदिराबाई, रिपोर्ट, काढा... ती ऐकत होती, ऐकता ऐकता तिला हसू आवरेना, बियाण्याच्या पोत्यावर बसली ओठ दाबून. हा मात्र हसला नाही. म्हणाला, ‘मला तुम्ही पाहिजे. आधी नको म्हणत होतो, हे खरं आहे. जळगावला भेटल्यापासून पाहिजे. याला इंग्रजीत काय म्हणतात, मला नाही येत.’

तीही हसायची थांबली. म्हणाली, ‘दोनदा भेटलेल्या माणसाबद्दल मी पूर्ण खात्री कुठून आणू? खोटं लिहायचं नव्हतं. जेवढी होती तेवढीच लिहिली.’

‘आणि आता?’

तिने त्याच्या हातातला पेला घेतला, एक घोट प्याली, तोंड वाकडं केलं. ‘आता वाढलीय.’

साखरपुडा झाला, लग्न झालं, संसार छान चाललाय. म्हणजे चालायला काही हरकत नाही. काल रात्री जेवताना हितेंद्र म्हणाला, भाजीत मीठ कमी आहे. ज्योत्स्नाने मान वर केली आणि अगदी शांतपणे, गोड आवाजात विचारलं, ‘आर यू शुअर?’

हितेंद्रने आणखी एक घास खाल्ला आणि म्हणाला, ‘नाही नाही... बरोबर आहे मीठ.’