मागची फळी

सन दोन हजार चोवीस, मे महिना, ऐन उन्हाळा. मोघम बोलणे मला जमत नाही. आमचे हे गेल्यापासून परसात पडून असलेली लाकडी होडी विकत घ्यायला पुण्याचे एक संग्राहक आले होते.

"आमच्या लग्नाच्या वर्षी, सहासष्ट साली, ह्यांनी ती माझ्यासाठी बांधून घेतली," मी सांगितले. हे नेहमी तसेच म्हणत.

गृहस्थ वाकून पाहत म्हणाले, "नाही आजी, हे घडीव खिळे आहेत. होडी त्याहून वीसेक वर्षे जुनी, आणि एकाच माणसासाठी बांधलेली."

शेजारच्या आक्काताई चहा पिता पिता हसल्या. "काकू, काकांनी फसवलंया की तुमास्नी!"

त्यांच्या कपात मी पुन्हा चहा ओतला नाही. खरे काय ते विचारायला आता घरात कोणी नव्हते.

तेवढ्यात गृहस्थांनी मागची आडवी फळी चाचपली. "ही बैठक मात्र नंतरची. लाकूड वेगळे, खिळ्यांऐवजी स्क्रू. तुमच्या लग्नाच्या सुमारास कुणीतरी मुद्दाम बसवून घेतलेली दिसते."

अक्षय्य तृतीयेला होडी पुण्याला गेली. फळी मी ठेवून घेतली. परसात विटांवर मांडून संध्याकाळी तिच्यावर बसते. एका कडेला सरकून.