निळ्या ट्रेमधल्या नांग्या

बसा मंडळी, बसा. सरपंच, गुरुजी, भोरवरनं आलेली बाईंच्या घरची माणसं, पोरांनो. मला बोलायला कुणी सांगितलं न्हाई. मी शाळेत खिचडी शिजवते, माइक कधी धरला न्हाई. पण आज बोलले न्हाई तर मला घास उतरायचा न्हाई.

बाई पोरांना शिकवायला रोज भोरवरनं यायच्या. कापूरहोळला एसटी बदलायची आणि मार्गासनीत घंटेआधी हजर. अंतराळात जाऊन आलेलं टोमॅटोचं बी त्यांनीच अर्ज करकरून शाळेला आणलं. दोन ट्रे. एक लाल, एक निळा. एकात वर जाऊन आलेलं बी, एकात हितलंच. कुठलं कशात, ते बाईंनाबी ठावं नव्हतं, ते शेवटी कळायचं. कशात जास्त उगवतंय ते बघायला पोरांनी रोज रोपं मोजायची, वहीत लिहायची.

दिवाळीच्या सुट्टीत पाणी घालायचं माझ्याकडं होतं. निळ्यात रोपं लई विरळ. जीव राहीना माझा. भातात आपण काय करतो? रोप मेलं तिथं दुसरं लावतो, नांग्या भरतो. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी म्या लालमधली रोपं उपटली आणि निळ्यात नांग्या भरल्या. वर खूश झाले!

सकाळी बाईंनी ट्रे बघितले. तशाच स्वयंपाकघरात आल्या. "मावशी, नांग्या भरल्या का हो कुणी?"

मी म्हणलं, "न्हाई."

न्हाई म्हणलं! नखात माती तशीच होती. बाईंनी नखांकडं बघितलं, आणि गेल्या.

वहीत त्यांनी लिहिलं, "रोपं मिसळली. चूक शिक्षिकेची." पोरांचं पुण्याला प्रयोग दाखवायला जाणं रद्द झालं. माझी नात आश्विनी दोन दिवस रडली. आणि ह्याच पटांगणात तुमी बाईंना काय बोललात? दोन ट्रे सांभाळता येईनात, पोरं काय सांभाळणार? तुमी बोललात. मी ऐकलं. मी गप्प. बाईबी गप्प.

का गप्प बसल्या? माझं काम जाईल म्हणून? मला न्हाई ठाऊक. रोज खिचडीची चव बघायला यायच्या, रोज वाटायचं, आज सांगीन. परवाच्या शनिवारी तर हातच धरला. "बाई, एक सांगायचंय." त्यांना एसटी गाठायची होती. म्हणाल्या, "सोमवारी निवांत बोलू, मावशी." रविवारीच त्या गेल्या. आता कुठला सोमवार?

ती वही फोटोपुढं ठेवलीय. आश्विनी, बाळ, तूच ये. पेन घे. खोडू नको. बाई म्हणायच्या, चुकलेलं खोडायचं नसतं, खाली खरं लिहायचं. लिही, नांग्या माझ्या आजीनं भरल्या. नाव पुरं लिही.

मंडळी, उभं राहा. तिचं लिहून होईस्तोवर कुणी बोलू नका.