बारा मिलिमीटर

जबाब देणारा : नाव वेगळ्या कागदावर घेतले आहे, ओळख 'मिस्त्री'. वय ४९ वर्षे. धंदा : नियोजित इमारतींची लाकूड-पुठ्ठ्याची मॉडेल बनवणे. राहणार : कार्यालयामागची गल्ली, दुसरा मजला.

मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगतो की, आज सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी देवाला हात जोडून घरातून निघालो व माझ्याकडील किल्लीने कार्यालय उघडले. काचेच्या पेटीतील रुग्णालयाच्या मॉडेलचे छप्पर उचलून तिसऱ्या मजल्यावरची एक भिंत काढली. ती बोटाएवढी आहे.

आमच्या आर्किटेक्ट कंपनीची एकोणीस देशांत कार्यालये आहेत. विमानतळ, वाचनालये, पूल धरून बावीस वर्षांत एकशे चौदा मॉडेल माझ्या हातून झाली. माझे शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. मॉडेल हातावेगळे करण्यापूर्वी मी त्यात पुठ्ठ्याचा माणूस दारापासून शेवटच्या खोलीपर्यंत चालवून पाहतो. हे मला कोणी सांगितलेले नाही.

या रुग्णालयात मी चाकांची खाट माणसासह चालवली. शस्त्रक्रियेच्या खोलीकडे वळताना ती अडली. नकाशा तपासला. नकाशात खाट होती, ढकलणारा नव्हता. माझी पत्नी रुग्णालयात खाटा ढकलण्याचेच काम करते. तिला सांगितले, तर म्हणाली, "मग काय, भुतं ढकलतात वाटतं खाटा?"

मुख्य आर्किटेक्ट बाईंना तीन वेळा सांगितले. बाई कामात फार हुशार आहेत. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही गोंद लावा, डोकं आम्ही लावतो." सगळे हसले. मीही हसलो.

आज दहा वाजता रुग्णालयाचे विश्वस्त मॉडेल पाहायला येणार होते. मी नवी भिंत बारा मिलिमीटर मागे बसवली. प्रत्यक्षात ते साठ सेंटिमीटर, म्हणजे एक माणूस. पलीकडची शोभेच्या झाडांची जागा तेवढी आकसली. खाट वळली.

नऊ वाजता बाई आल्या. "कुणाला विचारून तोडलंत?"

"तीनदा विचारलं, बाई."

कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी फोनवरून ठाण्यात तक्रार दिली. जुनी भिंत दहाच्या आत लावा, तक्रार मागे घेतो, नाहीतर उद्यापासून येऊ नका, असे ते मला म्हणाले. तेवढ्यात बाईंनी पुठ्ठ्याची खाट चिमटीत धरून दोनदा वळवून पाहिली. मी जुनी भिंत रुमालात बांधून इकडे निघालो.

ती भिंत मी ठाण्यात जमा केली आहे. एकदा सील झाली की ती कोणालाही लावता येणार नाही, असे हवालदारांनी सांगितले. दुसरी कापणारा मीच, आणि मी कापणार नाही.

हा मजकूर मला वाचून दाखवला. 'भिंत तोडली' असे लिहिले होते, तिथे 'काढली' करून घेतले. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.